चातीकडचे वारस : आल्फ्रेडच्या वेसेक्समधली भटकंती

भाची स्विंडनला नोकरी करते. तिने सुट्टी काढली, गाडी तिची, घर तिचं, त्यामुळे बुकिंगबिकिंगची कटकट फारशी नव्हतीच. लंडन आधीच्या खेपेला झालं होतं. या वेळी मी हट्ट धरला की एकाच घराण्याच्या मागे फिरायचं, आणि ते घराणं म्हणजे नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाचं. वेसेक्स हे त्याचं राज्य, आणि आजही इंग्लंडच्या नकाशात ते खेड्याखेड्यांतून शिल्लक आहे. ह्यांना इतिहासाचं वेड नाही, पण खेडी, नद्या आणि वेळेवर मिळणारा चहा एवढं असलं की हे कुठेही येतात.

निघण्याआधी मी आल्फ्रेडचं मृत्युपत्र वाचलं होतं. ते टिकलंय, हेच एक नवल. त्यात तो लिहितो की माझ्या आज्याने, म्हणजे एग्बर्टने, जमीन भाल्याच्या बाजूला दिली होती, चातीच्या बाजूला नाही. भाला पुरुषांचा, चाती म्हणजे सूत कातायची टकळी, ती बायकांची. मी जर कुणा बाईला वडिलोपार्जित जमीन दिली असेल, तर पुरुष नातेवाइकांनी ती परत हवी असल्यास पैसे मोजून घ्यावी. हे वाक्य डोक्यात ठेवूनच मी प्रवासाला निघाले, आणि जिथे जाऊ तिथे मला चातीचीच बाजू भेटत गेली.

पहिला दिवस : ऑक्सफर्ड

स्विंडनहून ऑक्सफर्ड तासाभराच्या अंतरावर. ॲशमोलियन संग्रहालयाला प्रवेश फुकट आहे आणि आल्फ्रेडचं रत्न तिथेच आहे. सोन्याच्या कोंदणात स्फटिक, स्फटिकाखाली मीनाकारीतला मोठ्या डोळ्यांचा एक माणूस, आणि खाली कसल्याशा जनावराचं तोंड. लांबी जेमतेम अडीच इंच. कडेने जुन्या इंग्रजीत कोरलंय, 'आल्फ्रेडने मला घडवून घेतलं.' १६९३ साली सॉमरसेटमधल्या नॉर्थ पेथर्टनजवळ ते सापडलं. जनावराच्या तोंडात काडी बसवायची खोबण आहे, म्हणून हे वाचताना ओळीवर फिरवायच्या काडीचं टोक असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आल्फ्रेडने पोप ग्रेगरीच्या एका ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर करून त्याच्या प्रती बिशपांना पाठवल्या होत्या आणि प्रत्येक प्रतीबरोबर अशी एक किमती काडी दिली होती. वूस्टरला गेलेली प्रत याच शहरात, बॉडलियन ग्रंथालयात आहे.

शेजारची नाणी मात्र चुकवू नका. २०१५ मध्ये वॉटलिंग्टनजवळ धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला सुमारे दोनशे नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या काही नाण्यांवर दोन सम्राट शेजारी बसलेले दिसतात. तसलीच नाणी आल्फ्रेडनेही पाडली आणि शेजारच्या मर्सिया राज्याच्या सीओलवुल्फ राजानेही. आता गंमत बघा. आल्फ्रेडच्या दरबारी लिहिलेल्या बखरीत या सीओलवुल्फला व्हायकिंगांच्या ताटाखालचा मूर्ख सरदार म्हटलंय. नाणी सांगतात की दोघांचं चांगलं जमत होतं. बखरीपेक्षा नाण्यावर माझा विश्वास जास्त, कारण नाणं बाजारात चालवायचं असतं.

संध्याकाळी स्विंडनमध्ये भाचीच्या शेजारीण काकूंकडे जेवण. त्या म्हापशाच्या. स्विंडनमध्ये गोंयकार इतके आहेत की रस्त्यात कोकणी कानावर पडतेच. सोलकढी आणि बांगड्याचं हुमण जेवून आम्ही आल्फ्रेडला त्या रात्रीपुरतं विसरलो.

दुसरा दिवस : वाँटेज आणि पांढरा घोडा

ॲसर नावाच्या वेल्श पाद्र्याने आल्फ्रेड हयात असतानाच त्याचं चरित्र लिहिलं. त्यात जन्म ८४९, गाव वाँटेज. (त्या चरित्राचं एकमेव जुनं हस्तलिखित १७३१ च्या आगीत जळालं. आज आपण वाचतो ते आगीआधी झालेल्या नकलांवरून.) वाँटेजच्या चौकात १८७७ चा पुतळा आहे, हातात कुऱ्हाड आणि गुंडाळी. पायथ्याचा मजकूर इतका भारदस्त, की विद्या मेली होती ती याने जिवंत केली, कायदा लुळा पडला होता त्याला बळ दिलं, असं सगळं श्रेय एकट्या माणसाला. आम्ही गेलो त्या दिवशी चौकात बाजार भरला होता. चीजच्या ठेल्यावरच्या आजींना मी विचारलं, राजाच्या आईचं काही स्मारक आहे का गावात? त्या म्हणाल्या, "त्याला आई होती हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही," आणि चेडरचा एक तुकडा जास्तीचा हातावर ठेवला.

आईचं नाव ऑस्बर. एकदा तिने मुलांना इंग्रजी कवितांचं चित्रांनी नटलेलं पुस्तक दाखवलं आणि सांगितलं की जो आधी पाठ करेल त्याला ते मिळेल. धाकट्या आल्फ्रेडला वाचता येत नव्हतं. त्याने गुरुजींकडून ऐकून पाठ केलं आणि पुस्तक पटकावलं. भाषांतरं करणाऱ्या राजाची सुरुवात ही इथे आहे, आईच्या मांडीपाशी.

आल्फ्रेड पाच भावांत शेवटचा. गादी त्याच्या वाट्याला येईल असं कुणाच्या मनातही नसावं. पण भाऊ एकामागून एक गेले. त्यातच ज्युडिथचं प्रकरण. बाप एथेलवुल्फ ८५५ मध्ये आल्फ्रेडला घेऊन रोमला गेला आणि परतताना ८५६ मध्ये फ्रँकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, राजाच्या मुलीशी, ज्युडिथशी, लग्न करून आला. ती बारा-तेरा वर्षांची. वेसेक्समध्ये राजाच्या बायकोला राणी म्हणत नसत, शेजारी बसवतही नसत. कारण पूर्वी एडबर नावाच्या राणीने दुसऱ्यासाठी कालवलेलं विष तिच्या नवऱ्याच्याच पोटात गेलं होतं. ज्युडिथला मात्र लग्नातच राणी म्हणून अभिषेक झाला. दोन वर्षांत एथेलवुल्फ वारला, तर त्याच्या मुलाने, एथेलबाल्डने, या सावत्र आईशीच लग्न केलं. तोही दोन वर्षांत गेला. ज्युडिथ माहेरी परतली आणि बाल्डविन नावाच्या सरदाराबरोबर पळून गेली. हे सगळं मी गाडीत सांगत असताना ह्यांनी एवढंच विचारलं, "वय काय म्हणालीस तिचं तेव्हा?" विशीसुद्धा नव्हती. तिला लक्षात ठेवा, ती पुढे परत येते.

दुपारी उफिंग्टनचा पांढरा घोडा. टेकडीच्या उतारावर खोल चर खणून त्यांत कुटलेला पांढरा खडू भरून काढलेला, सुमारे तीन हजार वर्षांचा, म्हणजे आल्फ्रेडच्याही आधीचा. वर वारा असा की टोपी हातात धरूनच चालावं लागतं. पायवाटेवर पाय घसरला की बूट पांढरे होतात. याच टापूत कुठेतरी ८ जानेवारी ८७१ ला डेन व्हायकिंगांशी ॲशडाउनची लढाई झाली. मोठा भाऊ एथेलरेड प्रार्थना संपेपर्यंत तंबूतून निघेना, म्हणून आल्फ्रेडने वाट न पाहता हल्ला चढवला. एप्रिलमध्ये एथेलरेड वारला आणि आल्फ्रेड राजा झाला.

वाँटेजला रेल्वे स्टेशन नाही. गाडी नसेल तर ऑक्सफर्डहून बस घ्या. घोडा जवळून गेलं की कळतच नाही, नुसत्या पांढऱ्या पट्ट्या दिसतात. तो खालच्या खोऱ्यातून बघावा आणि वर फक्त वाऱ्यासाठी जावं.

तिसरा दिवस : माम्सबरी, चिपनम, एडिंग्टन

सकाळपासून रिपरिप. माम्सबरीच्या ॲबीत एथेलस्टनचं थडगं आहे. हा आल्फ्रेडचा नातू, सगळ्या इंग्लंडचा पहिला राजा, ४ सप्टेंबर ९२५ ला किंग्स्टनला अभिषेक झालेला. थडग्यावर दगडी राजा झोपलेला आहे, पण तो कितीतरी शतकांनंतरचा, आणि आत काही नाही. ॲबीतले स्वयंसेवक आजोबा ते इतक्या आनंदाने सांगतात, जणू रिकामं असणं हीच त्याची खासियत. त्यांनी आम्हाला एल्मरचीही गोष्ट ऐकवली, अकराव्या शतकात पंख बांधून मनोऱ्यावरून उडी मारलेला भिक्षू. थोडं उडाला, पाय मोडले, आणि म्हातारपणी म्हणायचा की शेपूट लावायचं राहिलं.

एथेलस्टनने लग्न केलं नाही, मूल नाही. पण बहिणी पुष्कळ, आणि त्या युरोपभर दिल्या. एकीचा नवरा फ्रँकांचा राजा चार्ल्स, एकीचा फ्रँकांचाच बडा सरदार ह्यू द ग्रेट. जर्मनीच्या ओटोसाठी त्याने दोन बहिणी पाठवल्या, पसंत करा म्हणून. ओटोने एडिथ निवडली. २००८ मध्ये माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये तिच्या नावाच्या थडग्यात शिशाची पेटी मिळाली आणि पेटीत हाडं. ब्रिस्टल विद्यापीठाने दातांतली मूलद्रव्यं तपासली. दात बनतात लहानपणी, आणि त्यात तेव्हा प्यायलेल्या पाण्याची खूण राहते. खूण निघाली दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांची. आदल्या दिवशी माझे बूट पांढरे करणारा तोच खडू. या घराण्यातल्या राजांची हाडं कुठे आहेत ते धड सांगता येत नाही, आणि एका परक्या देशात दिलेल्या मुलीची ओळख मात्र दातांवरून पटते.

वाटेत चिपनम. आम्ही थांबलो ते फक्त बेकरीसाठी. ८७८ च्या जानेवारीत, नाताळाचे दिवस जेमतेम सरत असताना, डेन सरदार गुथ्रमने इथे अचानक झडप घातली आणि आल्फ्रेड मूठभर माणसांनिशी दलदलीत पळाला. राज्य जवळजवळ संपलंच होतं. आणि मृत्युपत्रात हेच चिपनम त्याने धाकट्या मुलीला लिहून दिलंय.

बेकरीत लार्डी केक मिळतो, या भागाची खासियत. साखर, बेदाणे आणि पापुद्रे. शाकाहारी मंडळींनी जपून, नावातला लार्ड म्हणजे डुकराची चरबी. भाचीने हे काकांना दुसरा तुकडा संपल्यावर सांगितलं. हे म्हणाले, "मग तिसरा बांधून घे."

एडिंग्टनला पोचेतो ऊन पडलं. मे ८७८ मध्ये आल्फ्रेडने इथे गुथ्रमला हरवलं. नक्की कुठलं शेत ते कुणी सांगू शकत नाही. वर ब्रॅटनच्या कड्यावर, जुन्या मातीच्या कोटाशेजारी, लढाईच्या आठवणीची एक शिळा आहे. तिथून खाली पिवळीजर्द रेपसीडची शेतं आणि मधूनच पांढऱ्या फुलांनी लगडलेली हॉथॉर्नची कुंपणं. आल्फ्रेडने शत्रूला मारलं नाही. गुथ्रम तीस माणसांसह बाप्तिस्मा घ्यायला आला, आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला, बारा दिवस त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतलं. आणि एडिंग्टनचं पुढे काय केलं? वाँटेज, लॅम्बर्न आणि एडिंग्टन ही तिन्ही बायकोला, एल्हस्विथला, लिहून दिली. स्वतःचं जन्मगाव आणि जिंकलेलं रणांगण, दोन्ही चातीच्या बाजूला. आज्याचा नियम आधी सांगून मग हे करणारा माणूस मला आवडला.

चौथा दिवस : ॲथेल्नी

सॉमरसेटचा सखल भाग म्हणजे पूर्वीची दलदल. आता चर खणून पाणी काढलंय, पण चरांच्या दुतर्फा विलोची खुरटवलेली झाडं, हंसाची पिल्लं आणि ओलसर वास यांवरून जुनं रूप कळतं. आम्ही आधी बरो मंप या टेकाडावर चढलो. वर अर्धवट राहिलेलं चर्च आहे. इथून ॲथेल्नी दाखवावी लागते, कारण ती आहेच इतकी बुटकी. शेतात एक उंचवटा आणि त्यावर १८०१ सालचा छोटा स्तंभ. बस. आल्फ्रेडने पुढे इथे मठ बांधला होता, त्याचा आता दगडही दिसत नाही.

भाकरी करपल्याची गोष्ट इथलीच. गुराख्याच्या बायकोने विस्तवावर भाकऱ्या टाकून अनोळखी पाहुण्याला लक्ष ठेवायला सांगितलं, तो आपल्या विचारात, भाकऱ्या करपल्या, तिने फैलावर घेतलं. ॲसरच्या मूळ चरित्रात हे नाही. शंभरेक वर्षांनी एका संताच्या चरित्रात ते आलं. खोटं असेल, तरी राजाला झापणारी ती बाई इतिहासातल्या कितीतरी खऱ्या बायकांपेक्षा जास्त टिकली.

स्तंभाकडे जाणारा रस्ता गायींनी अडवला. खाजगी शेत आहे, तेव्हा गायींचा हक्क आधी. मागून क्वाड बाइकवरून आलेले शेतकरीबुवा म्हणाले की हिवाळ्यात पाणी चढलं की ॲथेल्नी पुन्हा बेट होते, मग इतिहास शिकवावा लागत नाही. त्यांनीच सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, ठिकाण सांगितलं. पिंपातून थेट ओतलेला, धुरकट, आंबट, आणि दुपारी पिण्याजोगा अजिबात नसलेला. भाची गाडी चालवत होती म्हणून तिने वास घेण्यावर भागवलं.

इथे रबरी बूट हवेतच. खेड्यांतल्या पार्किंगला हल्ली बऱ्याचदा फोनवरचं ॲप लागतं आणि नेमकी तिथे रेंज नसते, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा.

पाचवा दिवस : शाफ्ट्सबरी

डोंगरमाथ्यावरचं गाव, आणि आल्फ्रेडने उभारलेल्या कोटांपैकी एक. एडिंग्टननंतर त्याने राज्यभर अशी तटबंद गावं वसवली, सैनिक वाटून दिले, जमिनीच्या हिशोबाने खर्च लावला. हे म्हणाले, "म्हणजे गडच की." तसं नाही म्हणता येत. आपला गड डोंगरावर एकटा असतो. यांची गावं बाजारासकट तटाच्या आत, बरीचशी नदीकाठी सपाटीवर. तट बघायचाच असेल तर वेअरहॅमला जा, मातीचा कोट अजून गावाभोवती चालत फिरता येतो.

शाफ्ट्सबरीला आल्फ्रेडने जोगिणींचा मठ काढला आणि मधल्या मुलीला, एथेलगिफूला, त्याची प्रमुख केलं. पुढे तो इतका श्रीमंत झाला, की शाफ्ट्सबरीच्या मठाधिपतीणबाईंनी ग्लास्टनबरीच्या मठाधिपतींशी लग्न केलं तर त्यांच्या पोराकडे राजापेक्षा जास्त जमीन असेल, असं लोक म्हणत. आता उरलेत पाये आणि गुलाब. बागेत बाकावर बसून डॉर्सेट ॲपल केक खाल्ला. मग फरसबंदीची गोल्ड हिलची उतरंड, तीच १९७३ च्या ब्रेडच्या जाहिरातीत पोरगा सायकल ढकलत चढतो ती. ह्यांचे गुडघे उतरताना कुरकुरले आणि चढताना गप्प झाले.

सहावा दिवस : विंचेस्टर

रस्त्याच्या टोकाला आल्फ्रेडचा ब्रॉंझचा भव्य पुतळा, तलवार उलटी धरून क्रूसासारखी उचललेली. तो बसवला १९०१ मध्ये, मृत्यूला हजार वर्षं झाली म्हणून. मृत्यू खरं तर २६ ऑक्टोबर ८९९ चा. तेव्हा मृत्यूचं वर्ष दोन वर्षं पुढचं मानत.

कॅथेड्रलमध्ये सहा लाकडी पेट्या आहेत, एग्बर्ट, एथेलवुल्फ, कनूट वगैरेंच्या नावांच्या. १६४२ मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत, पार्लमेंटच्या सैनिकांनी त्या उलथून हाडं खिडक्यांवर फेकली, मग जमेल तशी परत भरली गेली. २०१९ मध्ये ब्रिस्टलच्याच अभ्यासकांनी तेराशेहून अधिक हाडं लावून पाहिली आणि निदान तेवीस माणसं मोजली. त्यात एक वयस्क बाई, बहुधा कनूटची राणी एमा. बाकी राजे एकमेकांत मिसळलेले.

बाहेर गवतात विटांनी जुन्या चर्चचा आराखडा आखलाय. आल्फ्रेडला आधी तिथे पुरलं, मग मुलाने, एडवर्डने, बांधलेल्या नव्या चर्चमध्ये, मग १११० मध्ये गावाबाहेर हाइड ॲबीत. ॲबी आठव्या हेन्रीच्या काळात मोडली. १७८८ मध्ये त्या जागी तुरुंग बांधताना थडगी उचकटली गेली असं सांगतात. आता हाइडला छोटी बाग आहे आणि जमिनीत तीन शिळा, आल्फ्रेड, एल्हस्विथ आणि एडवर्डसाठी. १९९९ च्या उत्खननातला एक कमरेच्या हाडाचा तुकडा खोक्यात पडून होता. त्याचा काळ ८९५ ते १०१७ निघाला. बापाचा किंवा मुलाचा असू शकतो. हजार वर्षांच्या घराण्याचा हिशोब एका तुकड्यावर आलाय.

बागेत एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या. त्यांचा कुत्रा नेमाने राजाच्याच शिळेवर बसतो, राणीच्या बसत नाही, अशी त्यांची तक्रार. हाइड कॅथेड्रलपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे, फुकट आहे, आणि बहुतेक पर्यटक तिथे जातच नाहीत. लंडनच्या वॉटर्लूहून विंचेस्टर रेल्वेने तासाभराचं. एकाच दिवसाची सवड असेल तर हाच दिवस करा.

सातवा दिवस : ग्लॉस्टर

परतीचा वळसा, पण मला इथे यायचंच होतं. सेंट ऑस्वाल्ड्स प्रायरीची एक कमानींची भिंत उरलीय, घरांच्या मध्ये, ना तिकीट ना रांग. आल्फ्रेडची थोरली मुलगी एथेलफ्लेड इथे पुरलेली आहे. कुठे, ते सापडलेलं नाही. तिचं लग्न मर्सियाच्या अधिपतीशी झालं. तो गेल्यावर ९११ पासून तिने एकटीने राज्य केलं, लोक तिला मर्सियाची स्वामिनी म्हणत. बापासारखे कोट बांधले, टॅमवर्थ, स्टॅफर्ड, वॉरिक. ९१७ मध्ये डर्बी घेतलं, ९१८ मध्ये लेस्टर लढाईविना. भाऊ एडवर्ड दक्षिणेकडून आणि ही पश्चिमेकडून, अशी दोघांनी डेनांची कोंडी केली. भाचा एथेलस्टन हिच्याकडेच वाढला, असं म्हणतात. १२ जून ९१८ ला ती टॅमवर्थला वारली. जागेवर तिची मुलगी एल्फविन आली. आईमागून मुलगी. सहाच महिन्यांत एडवर्डमामाने तिचे अधिकार काढून तिला वेसेक्सला नेलं, आणि त्यानंतर तिचा पत्ता लागत नाही. आल्फ्रेडने बायकांना जमीन दिली खरी, पण गादीची गोष्ट आली तेव्हा त्याच्या मुलाने भाला उचलला.

भिंतीला टेकून मी भाचीला बाकीचा वंश सांगितला. ती पळून गेलेली ज्युडिथ आठवते? तिच्या मुलाला, फ्लँडर्सच्या दुसऱ्या बाल्डविनला, आल्फ्रेडने आपली धाकटी मुलगी एल्फथ्रिथ दिली. म्हणजे एके काळची सावत्र आई मुलीची सासू झाली. त्यांच्याच वंशातली माटिल्डा विल्यम द कॉंकररची बायको. इंग्लंड जिंकणाऱ्याच्या मुलांत आल्फ्रेडचं रक्त होतं ते असं. इकडे १०६६ मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर पुरुषांची गादी संपली, पण याच घराण्यातल्या एडमंड आयर्नसाइड राजाची नात मार्गारेट स्कॉटलंडची राणी झाली आणि तिच्या मुलीशी ११०० मध्ये पहिल्या हेन्रीने लग्न केलं. आजच्या राजाचा धागा त्याच लग्नातून मागे जातो.

भाची म्हणाली, "मावशी, मग ते पुतळे चुकीच्या माणसाचे आहेत." हे म्हणाले, "पुतळे असू देत, चहा कुठे मिळेल ते बघ."

एथेलफ्लेडचा पुतळा आहे, टॅमवर्थच्या किल्ल्यापाशी, १९१३ चा, कुशीशी छोटा एथेलस्टन घेतलेला. आमच्याने या खेपेला झालं नाही. बर्मिंगहॅमहून टॅमवर्थला रेल्वे जाते, आणि तिकडे जाणार असाल तर ग्लॉस्टर आधी करा, म्हणजे तिला कुठे पुरलं ते बघून मग तिने कुठे कोट बांधला ते बघता येईल.